आठ वाजले की नातवाचं पोट दुखतं

पत्र:

"सप्रेम नमस्कार. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. वय ६८. हे जाऊन सहा वर्षं झाली, हार्टनेच गेले. घरात मुलगा, सूनबाई, आठ वर्षांचा नातू आणि मी. मुलगा पीथमपूरला कारखान्यात आहे. गेल्या वर्षी बेचाळिसाव्या वर्षी त्याला अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली. तंबाखू कॉलेजात लागली ती अजून पूर्ण सुटलेली नाही.

मध्यंतरी वाचनात आलं की लहानपणी मारझोड आणि घरातली भांडणं सोसलेल्या मुलांना मोठेपणी हृदयाचे, साखरेचे आजार जास्त होतात. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. ह्यांचा स्वभाव फार तापट होता, रात्री घ्यायचेही. मुलाला पट्ट्याने मारायचे. माझ्यावरही हात उठायचा, पण ते असो. मी कधी मध्ये पडले नाही.

आता मुलगा नातवाचा अभ्यास घेतो. रात्री आठला तो येतो. फाटक वाजलं की नातू म्हणतो, 'आजी, पोट दुखतंय.' पाढा चुकला की चापट, कधी फुटपट्टी. परवा वही भिरकावली. पोरगं खोडरबर इतकं घासतं की पानाला भोक पडतं. सूनबाई त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. मी बोलले तर मुलगा म्हणतो, 'मी पण मार खाऊनच शिकलो ना? काय बिघडलं माझं?'

मुलाचा आजार आमच्यामुळे झाला का? नातवाचं पुढे काय होईल? आणि सासू म्हणून मी किती बोलावं?

लोकमान्य नगरची एक आजी"

काकू, नमस्कार.

तिसरा प्रश्न आधी घेते, कारण तो आज रात्री आठ वाजता पुन्हा दारात उभा राहणार आहे. बोलावं. नक्की बोलावं. फक्त कुणाशी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत, ते नीट ठरवून. त्याकडे येतेच. पण त्याआधी पहिला प्रश्न मोकळा केला पाहिजे. तो छातीवर दगडासारखा असेपर्यंत तुमचं मुलाशी धड बोलणं व्हायचं नाही. अपराधी वाटणारं माणूस एक तर गप्प बसतं, नाही तर रडतं. तुमच्या मुलाला ह्या दोन्हींचा उपयोग नाही.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे आणि त्याच्यामागे चाळीस वर्षांचं काम आहे. सुरुवात झाली ती अमेरिकेत, सॅन दिएगोच्या एका लठ्ठपणाच्या दवाखान्यात. १९८५च्या सुमारास तिथले डॉक्टर व्हिन्सेंट फेलिटी एका गोष्टीने चक्रावले होते. ज्यांचं वजन झपाट्याने उतरत होतं, तेच रुग्ण मध्येच उपचार सोडून जात होते. खोदून विचारल्यावर त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी लहानपणी झालेल्या अत्याचारांबद्दल सांगितलं. काहींना तर ते वजन हवंच होतं, ते अंगावर असलं की सुरक्षित वाटायचं. पुढे फेलिटी आणि अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेतले रॉबर्ट अँडा ह्यांनी १९९५ ते १९९७ ह्या काळात सतरा हजारांहून जास्त प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. ही माणसं बहुतेक गोरी, मध्यमवर्गीय, शिकलेली, आरोग्य विमा असलेली होती. म्हणजे "हे झोपडपट्टीत चालतं, आपल्यात नाही" असं म्हणायची सोय तिथेच संपली.

त्या पाहणीत शेवटी दहा प्रकार धरले गेले. मारहाण, मनाला लागेल असं बोलणं, लैंगिक अत्याचार, शारीरिक आणि भावनिक हेळसांड, घरात कुणी दारू किंवा नशा करणारं, कुणाला मानसिक आजार, कुणी तुरुंगात, आईवडिलांची ताटातूट, आणि डोळ्यांदेखत आईला होणारी मारझोड. हा शेवटचा प्रकार वाचताना तुमचं "पण ते असो" मला आठवलं. ते असो नाही, काकू. तुमच्या मुलाने ते पाहिलंय, आणि तुम्ही ते सोसलंय. ह्या दोन्ही गोष्टी हिशेबात धरायच्या आहेत.

१९९८ साली पहिले निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या वाट्याला चार किंवा जास्त प्रकार आले होते, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण एकही प्रकार न आलेल्यांच्या साधारण दुपटीहून थोडं जास्त निघालं. दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न ह्यांच्या बाबतीत फरक ह्याहून कितीतरी मोठा, चार ते बारा पट. २०१७ साली निरनिराळ्या देशांतले ३७ अभ्यास एकत्र करून पाहिले, अडीच लाखांवर माणसांचे, तेव्हाही चित्र साधारण असंच दिसलं.

आता इथे थांबा आणि पुढचं दोनदा वाचा. हे आकडे हजारो माणसांच्या घोळक्याचे आहेत. त्यांवरून एका माणसाबद्दल "ह्याचा अटॅक अमक्यामुळे" असं सांगता येत नाही. ह्या मोजपट्टीने एकेका माणसाचं भविष्य वर्तवू नका, हे २०२० साली खुद्द अँडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच लिहिलं. तुमच्या मुलाच्या बाबतीत तर कारणांची रांग आहे. वडील हृदयविकारानेच गेले. आपल्या भारतीय उपखंडात पहिला अटॅक बाकी जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, हे बावन्न देशांतल्या मोठ्या अभ्यासात दिसलेलं आहे. वर तंबाखू, कारखान्यातलं काम, रोजचा प्रवास. बालपणाचा वाटा ह्यात असू शकतो, बहुधा असेलही, कारण कमी वयात लागलेली तंबाखू हीदेखील अनेकदा आतली धुसफुस दाबायलाच तोंडात जाते. पण तेवढ्यावरून "आम्ही मुलाचं हृदय बिघडवलं" हा निकाल तुम्ही एकट्याने लावून त्याची शिक्षा भोगत बसू नका. काकांनी जे केलं त्याचा जाब काकांकडे होता. तुम्ही मध्ये पडला नाहीत ह्याचं दुःख तुमचं आहे, ते खरं आहे, आणि त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

हा वाटा शरीरात शिरतो कसा, ते समजून घ्या, म्हणजे नातवाचं पोटही समजेल. नर्मदेचं पाणी आलं की आपण मोटर लावतो आणि टाकी भरली की बंद करतो. धोका दिसला की शरीरही तसंच करतं. अॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल ही ताणाची रसायनं सुटतात, छाती धडधडते, साखर रक्तात येते, पोटाकडचा रक्तपुरवठा आखडतो. धोका टळला की सगळं जागच्या जागी. मुलाला परीक्षेची धाकधूक झाली, कुत्रं अंगावर आलं, ह्याने काही बिघडत नाही. पण रोज रात्री आठला मोटर लागत असेल, आणि कधी बंद होणार ते पोराला ठाऊक नसेल, तर ती जळायला लागते. हार्वर्डचे बालरोगतज्ज्ञ जॅक शॉन्कॉफ आणि त्यांचे सहकारी ताणाचे तीन प्रकार सांगतात: अंगी लागणारा, सोसवणारा आणि विषारी. दुसरा आणि तिसरा ह्यांच्यात मुख्य फरक कशाचा, तर जवळ भरवशाचं मोठं माणूस आहे की नाही ह्याचा. प्रसंग तोच असला, तरी कुशीत घेणारं कुणी असेल तर मुलाचं शरीर लवकर शांत होतं.

म्हणून नातवाच्या पोटात खरंच दुखतं. नाटक नाही ते. आणि खोडरबराने पानाला पडलेलं ते भोक म्हणजे निष्काळजीपणा नाही, चूक कुणाला दिसू नये म्हणून चाललेली धडपड आहे. घाबरलेल्या मुलाला सात आठे छप्पन्न आठवत नाही, कारण लक्षात धरून विचार करण्याचं मेंदूतलं काम भीतीच्या वेळी मागे पडतं. मग बापाला वाटतं, पोरगं मुद्दाम करतंय. मग आणखी एक चापट. म्हणजे ज्या कामासाठी चापट मारली, तेच काम चापटेने आणखी अवघड करून ठेवलं.

मार खाऊन मुलं सुधारतात का, ह्यावर अमेरिकेतल्या एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर ह्यांनी २०१६ साली पन्नास वर्षांतले ७५ अभ्यास एकत्र केले, दीड लाखाहून जास्त मुलांचे. त्यात फक्त चापट-फटके धरले होते, पट्टा वगैरे नाही. हट्ट कमी झाला, अभ्यास सुधारला, असं काही हाती लागलं नाही. उलट आक्रमकपणा आणि मनाचे त्रास जास्त दिसले. आपल्याकडचं सांगायचं तर केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती, त्यात आपलं मध्य प्रदेशही होतं. तीनातल्या दोन मुलांनी मार खाल्लेला होता, आणि घरात मारणारे बहुतेक वेळा आईवडीलच होते. तेव्हा तुमचं घर काही जगावेगळं नाही. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत दिवसभर मराठी चालतं आणि राग आला की हिंदी सुरू होतं. त्या हिंदीचा आवाज चढला की शेजारपाजारच्यांना सगळं कळतं, आणि कुणी बेल वाजवत नाही.

आता मुलाचा प्रश्न. "काय बिघडलं माझं?" ह्याचं उत्तर तुमच्या जिभेच्या टोकावर आलं असेल. ते गिळा. "बघ ना, बेचाळिसाव्या वर्षी स्टेंट बसला" हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की पुढची दहा वर्षं तो तुमच्याशी ह्या विषयावर बोलणार नाही. शिवाय ते खोटंही ठरू शकतं, वर सांगितलंच. त्याचा आजार त्याच्यावर उगारायला वापरू नका.

माझं मत सरळ सांगते. नातवाला वाचवायचं असेल तर आधी मुलाला हात द्यावा लागेल. तो चुकतोय, मारणं थांबलंच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण रात्री आठला फाटक उघडून जो माणूस आत येतो तो सकाळपासून उभा असतो, गेल्या वर्षी मरता मरता वाचलेला असतो, आणि पाढे चुकणाऱ्या मुलासमोर बसल्यावर काय करायचं हे त्याला एकाच माणसाने शिकवलेलं असतं. त्याला दुसरी रीत कुणी दाखवलेलीच नाही. ती तुम्ही दाखवू शकता, कारण त्या घरात तेव्हा काय चालायचं हे ठाऊक असलेलं आता तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. अटॅकनंतर साधारण पाचातल्या एका रुग्णाला चांगलंच नैराश्य येतं. पुरुषांमध्ये ते रडण्यातून दिसेलच असं नाही. चिडचिड, तुसडेपणा, झोप उडणं, कशात रस नसणं असंही दिसतं. मुलगा आधीही एवढा चिडायचा का, की हे अटॅकनंतर वाढलं? ते आठवून बघा. वाढलं असेल तर पुढच्या तपासणीला हृदयाच्या डॉक्टरांना ते सांगितलंच पाहिजे, तंबाखूबद्दल सांगायचं तसंच. त्यावर उपचार आहेत, आणि हृदयाच्या रुग्णालाही चालणारे आहेत.

बोलायचं कधी? रात्री आठ ते दहा अजिबात नाही. रविवारी सकाळी, पोहे-जिलबी झाल्यावर, सूनबाई आणि नातू जवळ नसताना. आणि पहिल्या बैठकीत नातवाचं नावही काढू नका. फक्त एवढं म्हणा: "तुझे बाबा तुला मारायचे तेव्हा मी मध्ये पडायला हवं होतं. मी घाबरले होते. तुझं काही चुकलं नव्हतं." एवढंच. त्याच्यापुढे "पण" लावू नका, "म्हणून आता तू" लावू नका. तो उठून जाईल, "सोड ना आई, कशाला जुनं उकरतेस" म्हणेल, किंवा मोबाईल काढेल. जाऊ दे. मागे लागू नका, उत्तर मागू नका, आणि रडू आलं तर आत जाऊन रडा. नाही तर तो स्वतःचं सोडून तुमची समजूत घालत बसेल. लहानपणीही त्याने बहुधा तेच केलं असेल.

आठ-दहा दिवसांनी दुसरं बोलणं, हे साधं व्यवहाराचं. "दिवसभर दमून येतोस. पाढे आणि गृहपाठ माझ्याकडे दे. संध्याकाळी पाचला बसवते त्याला." तुमच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ असते, तीसपर्यंतचे पाढे तर झोपेतही म्हणता येतात. हे तुम्हाला जमणार नाही असं मला सांगू नका. शाळेतलं इंग्रजी-विज्ञान अडलं तर सूनबाई बघेल किंवा गल्लीतली कुणी कॉलेजातली मुलगी. मुद्दा एवढाच की रात्री आठला वही उघडलेली नको. ह्या एका बदलाने अर्धे प्रसंग टळतात. प्रसंग टळणं म्हणजे माणूस सुधारणं नव्हे, हे मला कळतं. पण पोराला ह्याच महिन्यात श्वास घ्यायला मिळतो, आणि ते कमी नाही.

मात्र बापाकडून अभ्यास काढून घेतलात तर त्याच्या हातात दुसरं काहीतरी द्या. नाही तर "मला बाजूला सारलं" ही सल राहील. त्याला जमेल आणि ज्यात चूक-बरोबर नाही असं काही. रविवारी दोघांनी लोकमान्य नगर स्टेशनावर महूच्या गाड्या बघायला जावं. सायकलची चेन बसवावी. रात्री जेवताना दिवसातली एक गंमत त्याने सांगायची, एक पोराने. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ज्याला स्वतःच्या वडिलांबरोबर मार सोडून दुसरा विषयच नव्हता, त्याला असल्या किरकोळ गोष्टीही शिकाव्या लागतात.

एवढं करूनही एखाद्या रात्री हात उठेल. तेव्हा काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. उठायचं, दोघांच्या मध्ये जाऊन उभं राहायचं आणि साध्या आवाजात नातवाला म्हणायचं, "चल, हातपाय धू, जेवायला बसू." मुलाकडे बघून भाषण नाही, त्याच्या बाबांचा उल्लेख नाही, रडारड नाही. फक्त तुमचं शरीर मध्ये. मुलगा ओरडला तर ओरडू दे. तुमच्या घरात आजवर हे कुणी केलेलं नाही. पहिल्या वेळी तुमचे पाय थरथरतील. सूनबाईला आधी सांगून ठेवा, म्हणजे तीही गॅस बंद करून बाहेर येईल. दोन बायका शांतपणे उभ्या राहिल्या की चढलेला आवाज बऱ्याचदा उतरतो. पण मुलाने तुम्हाला ढकललं, हातात पट्टा किंवा काही वस्तू घेतली, पोराच्या अंगावर वळ उठले, डोक्याला लागलं, तर मात्र हा घरगुती मामला राहिला नाही. मग शेजारी, भाऊबंद, जे कुणी त्याचं ऐकतं त्याला त्याच रात्री बोलवा, आणि १०९८ ह्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. जिवाची भीती वाटली तर ११२. "लोक काय म्हणतील" हा विचार काकांच्या वेळी झाला होता. त्याने काय झालं ते तुम्हीच लिहिलंय.

प्रसंगानंतर नातवाशी बोला. दोनच वाक्यं: "बाबांनी मारलं ते चूक होतं. तुझा पाढा चुकला, म्हणून तू वाईट नाहीस." बापाला वाईट ठरवू नका. त्याला त्याच बापाजवळ झोपायचं असतं, आणि त्याचं प्रेमही असतं. "बाबांना सांगू नकोस हं" म्हणत हातात गुपचूप चॉकलेट ठेवणंही नको. घरात लपवाछपवीची सवय लागलेलं मूल बाहेर कुणी त्रास दिला तरी तोंड उघडत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न होता, नातवाचं पुढे काय होईल. ह्यावर हवाईतल्या काऊआई बेटावर एक सुंदर काम झालंय. १९५५ साली तिथे जन्मलेल्या जवळपास सातशे मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ ह्या दोघींनी अनेक दशकं पाठपुरावा केला. त्यांतल्या ज्या मुलांच्या घरी गरिबी, व्यसन, आजारपण, भांडणं असं सगळं एकदम होतं, त्यांच्यातली सुमारे एकतृतीयांश मुलं तरीही चांगली उभी राहिली: कामाधंद्यात, संसारात, स्वभावाने. त्यांच्यात ज्या गोष्टी समान सापडल्या त्यांतली एक मोठी म्हणजे घरात किंवा घराबाहेर मायेचं, न बदलणारं एक तरी मोठं माणूस. बऱ्याच ठिकाणी ते माणूस म्हणजे आजी किंवा आजोबाच होते. ही उरलेल्या दोनतृतीयांश मुलांबद्दलची हमी नाही, आणि आजी आहे म्हणून बापाने मारत राहावं असाही ह्याचा अर्थ नाही. पण तुमचं त्या घरातलं वजन किती आहे, ते ह्यावरून कळावं. पोराच्या बाबतीत अजून काहीही ठरून गेलेलं नाही.

आणि हे थांबवण्याचा फायदा केवढा, ह्याचाही हिशेब झालेला आहे. २०१९ साली अमेरिकेच्या आरोग्य संस्थेने अंदाज मांडला की बालपणीचे हे आघात टाळता आले तर त्या एका देशात नैराश्याचे २ कोटी १० लाखांपर्यंत आणि हृदयविकाराचे १९ लाखांपर्यंत रुग्ण कमी होऊ शकतील. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांइतकंच हेही हृदयाचं औषध मानायला हवं, असं मला वाटतं. फक्त ह्याची जाहिरात कुणी करत नाही, कारण ह्यात विकण्यासारखं काही नाही.

सूनबाईबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीची वाटली. ती स्वयंपाकघरातून बाहेर का येत नाही? तुम्ही येत नव्हता, त्याच कारणाने का? दुपारी मेथी निवडायला दोघी बसाल तेव्हा सरळ विचारा, "तुझ्यावर हात उठतो का गं?" सासूने हे विचारावं अशी तिची अपेक्षाही नसेल. "हो" म्हणाली तर "सहन कर, पुरुषांचं असंच असतं" हे वाक्य ह्या पिढीपासून बंद. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे, २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, वन स्टॉप सेंटरमध्ये सल्ला, वकील, निवारा एका जागी मिळतो. आणि बाजू कुणाची घ्यायची हा प्रश्न आला, तर तुम्ही तिच्या बाजूला उभ्या राहा, मुलगा तुमचा असला तरी.

मनाच्या डॉक्टरकडे जायला मुलगा तयार होईलच असं नाही. आपल्याकडे बाणगंगा, म्हणजे तिथलं मनोरुग्णालय, म्हटलं की लोक कुजबुजायला लागतात. त्याला १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक द्या. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आपल्या भाषेत बोलता येतं, आणि कुणाला कळत नाही. आधी तुम्हीच एकदा लावून बघा. झोप उडालीय म्हणून लिहिलंत ना? मग तुम्हालाही बोलायला माणूस हवं आहे, आणि ह्या वयात बीपी तपासून घेणंही बरं.

आता पोट. फाटक वाजल्यावर दुखतं ह्याचा अर्थ फक्त बापाची भीती, असं गृहीत धरू नका. सकाळी शाळेच्या वेळीही दुखतं का, सुट्टीच्या दिवशी दुखतं का, हे आठवडाभर कॅलेंडरवर टिपा. सकाळी दुखत असेल तर शाळेतही काहीतरी असू शकतं. शिक्षक मारतात का, रिक्षात किंवा व्हॅनमध्ये मोठी मुलं त्रास देतात का, कुणी नको तिथे हात लावतं का, हे खेळता खेळता, एकेक करून विचारा. शाळेत मारणं आणि मानसिक छळ ह्यांवर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने बंदी आहे, तेव्हा मुख्याध्यापकांकडे जायला कचरू नका. लैंगिक त्रासाचं काही निघालं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, घरात मिटवता येत नाही.

ते कॅलेंडर घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. बेंबीभोवती, जाग असताना, ताणाच्या वेळी दुखणारं पोट बहुतेक वेळा गंभीर नसतं. पण झोपेतून जाग येईल इतकं दुखणं, वजन घटणं, शौचातून रक्त, वारंवार उलट्या, ताप, किंवा एका बाजूला नेमकं दुखणं ह्यांतलं काही असेल तर उशीर नको. शक्य झालं तर मुलालाही बरोबर न्या, आणि डॉक्टरांना आधी फोनवर सांगून ठेवा की आठ वाजता काय होतं. "अभ्यासाच्या वेळी मारू नका, त्यानेच पोट दुखतंय" हे आईच्या तोंडून ऐकणं आणि पांढऱ्या कोटातल्या माणसाकडून ऐकणं ह्यात आपल्या मुलांना फार फरक वाटतो. तपासणीत काहीच निघालं नाही, तर बाहेर पडताना कुणालाही "बघ, काही नव्हतं" असं म्हणू देऊ नका. मुलाच्या पोटात दुखत होतं.